पायरी किती इंचांची?



इंदूरच्या राजवाड्याभोवतीची जुनी दुकानं रस्त्यापासून उंच आहेत. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून वाडवडिलांनी ओटला बांधला, त्याला दोन पायऱ्या केल्या. कारण रास्तच होतं. पण आज आपल्या घरांतली नवी पिढी दवाखाना, क्लास, बुटीक, कॅफे काढते, तेव्हाही ती पायरी सवयीनं तशीच येते. म्हणून या वेळचं लिहिणं खास तुम्हा तरुणांसाठी.

माझी मावशी सहा वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे. साड्यांची हौस मात्र कायम. तिच्या नेहमीच्या दुकानाला तीन पायऱ्या. दुकानदार भला माणूस, गाडीपाशी चार साड्या आणून दाखवतो. मावशी म्हणते, "अगं, तो आणतो त्यातली मी घेते. मला हवी ती घ्यायची तर आत जावं लागतं." दुसरीकडे कोणी म्हणालं, "दोन पोरं उचलून आत नेतील." त्यावर ती म्हणाली, "मी काय गव्हाचं पोतं आहे?"

सगळा मुद्दा यातच आला. मदतीला माणसं असतातच, पण गिऱ्हाइकाला हवं असतं आपलं आपण आत येणं, बघणं, भाव करणं आणि नको असेल तर परत जाणं.

कायदाही हेच सांगतो. 2016 चा दिव्यांगजन हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. तो सरकारी कचेऱ्यांपुरता नाही. लोकांना सेवा देणारे खासगी व्यवसायही त्यात येतात. नियम मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी 50 हजार ते 5 लाख. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी नकोत, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानंही नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात बजावलं.

पण दंडाच्या भीतीआधी टेप हातात घ्या. भाच्यानं क्लाससाठी जागा घेतली तेव्हा आम्ही तेच केलं. पायरी 7 इंच निघाली. उताराचा हिशेब सोपा आहे: 1 इंच उंचीला 12 इंच लांबी. म्हणजे 7 फुटांचा रॅम्प हवा. समोर जागा 4 फूट, आणि रस्ता तर अडवायचा नाही. मिस्त्री म्हणाला, "4 फुटांत बसवून देतो." तेवढा उभा उतार चढताना खुर्ची मागे कलंडू शकते. शेवटी रॅम्प भिंतीच्या कडेनं आडवा घेतला, कठडा लावला, वर दारापुढे सपाट जागा ठेवली आणि गुळगुळीत टाइलऐवजी खरखरीत फरशी बसवली.

दाराला तर एक पैसाही लागला नाही. दोन झडपांपैकी एकच उघडायची सवय होती, ती मोडली. मोकळी जागा 900 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ 3 फूट हवी. आत खुर्ची वळायला साधारण 5 फुटांचा चौक मोकळा ठेवा. काउंटरचा एक भाग अडीच फुटांवर आणला, की बसलेल्या माणसाला पैसे देताना मान वर करावी लागत नाही. टॉयलेटचं दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं तर निदान दार तरी उघडता येतं.

व्हीलचेअर नसलेल्यांचाही विचार हवा. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आणि काचेच्या दारावर ठळक खूण असली, तर कमी दिसणाऱ्याला ठेच लागत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी भाव लिहिलेले असावेत, गल्ल्यावर वही-पेन असावं. हे तर आजच होईल.

जुन्या बाजारात प्रत्येक ओटल्यापुढे 7 फूट जागा मिळणार नाही, हे खरं. तिथे उतार आतल्या बाजूनं काढता येतो का, शेजारच्या दुकानाशी मिळून एकच रॅम्प होतो का, ते बघा. आणि झालेल्या रॅम्पवर कुंड्या, पाटी, स्कूटर ठेवू नका! क्लासच्या रॅम्पवरून आता एक मुलगी कुबड्या घेऊन रोज येते, आणि बाळाची गाडी ढकलत आयाही येतात.

दिवाळीआधी दुकानाची रंगरंगोटी काढाल, तेव्हा रंगाच्या डब्याआधी टेप आणा. पायरी किती इंचांची आहे, ते मोजा आणि तिला 12 नं गुणा. पुढचं मिस्त्रीला सांगता येईल.