कबुलीजबाब म्हणजे सत्य नव्हे!

‘पोलिसांनी धरलं म्हणजे काहीतरी केलं असणारच’ हे वाक्य आपण चाळीत, नाक्यावर, सकाळच्या लोकलमध्ये किती वेळा ऐकतो! त्यात ‘त्याने कबूल केलं’ असे छापून आले की विचारायलाच नको. आपल्यापुरता खटला तिथेच संपतो.

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. 2015 साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली. या खटल्याचा एक मोठा आधार होता, पोलीस अधिकाऱ्यांपुढे दिलेले कबुलीजबाब. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. हे जबाब छळाने घेतल्याचा आरोप न्यायालयाने ग्राह्य मानला. त्यांतला मजकूर ठिकठिकाणी एकसारखा आढळला. तोवर एकोणीस वर्षे सरली होती. बारांपैकी एकजण 2021 मध्येच, कैदेत असताना वारला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही.

ठाण्यातलेच दुसरे उदाहरण घ्या. 2013 साली एका चिमुरडीच्या खुनासाठी पकडलेल्या चौकीदाराला येथील न्यायालयाने 2019 मध्ये फाशी सुनावली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. बारा वर्षे गेली, ती कोण परत देणार?

कुणी म्हणेल, ‘मेलेल्यांचे काय? त्यांना न्याय नको?’ हवा, म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा! चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार बाहेर निर्धास्त राहतो, आणि मृतांच्या आप्तांची दुसऱ्यांदा फसवणूक होते.

कायदा याबाबत मुका नाही. पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही, हे 1872 पासूनचे तत्त्व 2023 च्या नव्या कायद्यातही कायम आहे. 1999 च्या ‘मोक्का’ने त्याला अपवाद केला आणि घात तिथेच झाला. घटनेच्या 22 व्या कलमानुसार अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, आणि आपल्या पसंतीचा वकील गाठण्याचा हक्क असतो. 1987 च्या कायद्याने कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो.

पण हे ठाऊक कुणाला? माझ्या घरात सरकारी कागद वाचू शकणारा पहिला माणूस मीच. आपल्यापैकी अनेकांची हीच गत आहे. रात्री शेजारचा पोरगा उचलला गेला, तर त्याची आई पैसेवाल्याकडे नाही, आपल्याकडेच येणार. तेव्हा आपल्याला इतके तरी सांगता यावे : न वाचता सही नको, मारहाण झाली असेल तर दंडाधिकाऱ्यापुढे तोंड उघड, वैद्यकीय तपासणी माग, आणि वकील पहिल्याच दिवशी बघ, शिक्षा झाल्यावर नव्हे.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेने दरवर्षी रस्ते झाडावेत, झाडे लावावीत. आमची ना नाही. पण यंदा एक दिवस कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांत या चार गोष्टी सांगत फिरावे. पदवी हाती येण्याआधी शिक्षणाचा एवढा उपयोग तरी व्हायला नको काय?