हिशेब इतका छान कसा जुळला?

ऑडिट करून कंटाळलात? फॉरेन्सिक अकाउंटिंगचं डोक्यात घोळतंय? मग 'सत्यम' आठवा. जानेवारी २००९ मध्ये रामलिंग राजूंनी स्वतःच पत्रातून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक मुळात नाहीच! ऑडिटर पाहतो, हिशेब जुळतोय का. फॉरेन्सिकवाला विचारतो, इतका छान कसा जुळला?

पण ग्लॅमर विसरा. दिवसचे दिवस ईमेल्स, बँक स्टेटमेंट्स, बोगस बिलं चाळायची. रिपोर्ट कोर्टात टिकायला हवा. सीए असाल तर आयसीएआयचा सर्टिफिकेट कोर्स आहे. त्याआधी एकच टेस्ट: कदाचित निर्दोष असलेल्या माणसाला समोर बसवून शांतपणे अवघड प्रश्न विचारता येतील? येतील? मग बिनधास्त फॉर्म भरा!