मातीला जाता आले नाही

कोरोना संपला, असे आपण म्हणतो. मशिदीतल्या सफा पुन्हा खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, लग्नांचे दावतखाने भरले. पण काही घरांतली माणसे मनाने अजून २०२१ मध्येच आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य या विकारांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. तरुणांना आणि स्त्रियांना त्याची झळ जास्त लागली. एकटेपणा, बुडालेला रोजगार, आजाराची धास्ती अशी कारणे अनेक आहेत. आज बोलायचे आहे ते फक्त एका कारणाबद्दल, जवळच्या माणसाच्या मृत्यूबद्दल.

आपल्याकडे मय्यत झाली की घर भरते. घरचीच माणसे गुस्ल देतात, बायका यासीन पढतात, शेवटचा चेहरा पाहिला जातो, जनाजाला खांदा दिला जातो, कबरीवर तीन मुठी माती पडते. चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. माणूस गेला हे मनाला पटते ते या सगळ्यातून जाताना. साथीत नेमके हेच हिरावले गेले. केंद्राच्या १५ मार्च २०२० च्या सूचनांमध्ये चेहरा पाहण्याची आणि स्पर्श न करता धर्मग्रंथ वाचण्याची मुभा होती, गुस्ल मात्र नाही. प्रत्यक्षात अनेकांना चेहराही दिसला नाही. त्यातच मुंबईत ३० मार्च २०२० रोजी कोरोनाच्या सर्व मृतदेहांचे दहन करावे, असे पालिकेचे परिपत्रक निघाले. ते त्याच दिवशी मागे घेतले गेले, पण धास्ती घराघरांत राहिली. पुढे २०२१ चा अख्खा रमजान दुसऱ्या लाटेत गेला.

इद्दतीत बसलेल्या स्त्रियांचे हाल तर कुणी मोजलेच नाहीत. चार महिने दहा दिवसांच्या त्या काळात एरवी बहिणी, नणंदा, शेजारणी उठबस करतात, तिला एकटी पडू देत नाहीत. त्या वर्षी दारावर कुणी नव्हते.

शोक हा आजार नव्हे. बहुतेकांचा तो हळूहळू ओसरतो. पण काहींचा ओसरत नाही. रोज तीच ओढ, तीच आठवण. ‘मी दवाखान्यात नेलेच नसते तर’ हा एकच हिशेब. गेलेल्याचा फोन रोज चार्ज करून ठेवणे, किंवा कब्रस्तानचा रस्ताच टाळणे. कामात, मुलांत, जेवणात मन नाही. सहा महिन्यांनंतरही हे असेच चालले आणि रोजचे जगणे अडले, तर वैद्यकशास्त्र त्याला प्रदीर्घ शोक विकार म्हणते. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची नोंद आहे. त्यावर उपचारही आहेत. मुख्यतः ठरावीक पद्धतीने, अनेक बैठकांत केलेले समुपदेशन. सोबत नैराश्य असेल तर औषध.

अशा माणसाला आपण काय ऐकवतो? ‘सब्र करा, इतके रडणे म्हणजे ईमान कच्चे.’ हे वाक्य मला पटत नाही. हजरत याकूब (अलै.) युसुफ (अलै.) यांच्यासाठी इतके झुरले, की त्यांचे डोळे गेले, हे कुरआनातच आहे. ते तर पैगंबर होते! सब्र आणि आसवे एकाच छातीत राहू शकतात. आणि बाहेरचे काही लागले म्हणून ताईत, झाडफूक करत वर्ष घालवण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठावा. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत, दिवसरात्र कधीही. जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली तर मात्र त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

राहिली ताजियत. ती तीन दिवसांतच करावी म्हणतात, हे खरे. पण त्या वेळी जो हजर नव्हता, त्याला फकीहांनी सवलत दिलेली आहे, आणि २०२१ मध्ये आपण जवळजवळ सगळेच गैरहजर होतो. तेव्हा जाऊन या. ‘आता कसे वाटते’ असे विचारू नका. त्यावर ‘बरे आहे’ एवढेच उत्तर येते. गेलेल्याचे नाव घ्या, त्याची एखादी गोष्ट काढा. मग चहा थंड झाला तरी उठायची घाई करू नका.