जिद्द, झडप आणि कानू

आजारपणाविषयी बोलायला लागले की आपली भाषा एकदम रणांगणावर जाते. अमक्याने आजाराशी झुंज दिली, तमक्याने मृत्यूला परतवून लावले, आणि माणूस गेलाच तर ‘झुंज अखेर संपली’. वर्तमानपत्रात हे नेहमी वाचायला मिळते. या भाषेबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती मांडण्यासाठी मी आज एका फुटबॉलपटूची मदत घेणार आहे.

मराठी घेऊन बी.ए. झालेली आणि सातवी-आठवीला व्याकरण शिकवण्यात आयुष्य घालवलेली बाई फुटबॉलवर काय लिहिणार, असे तुम्हाला वाटेल. पण आमचा नातू आर्सेनल या इंग्लिश क्लबचा परमभक्त. त्याच्या शेजारी बसून सामने बघता बघता मला ऑफसाइडसुद्धा कळायला लागले! जुन्या खेळाडूंच्या गोष्टी तोच सांगतो. न्वान्क्वो कानू हे नाव मी प्रथम त्याच्याच तोंडून ऐकले, आणि मग चिकाटीने त्याच्याविषयी वाचत गेले.

कानू नायजेरियाचा. जन्म १ ऑगस्ट १९७६, ओवेरी गावचा. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, काटकुळे अंग, आणि एवढ्या लांब पायांत चेंडू असा खेळवायचा की समोरच्याला कळू नये. १९९३ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा नायजेरियाने जिंकली, त्या संघात तो होता. तिथून हॉलंडच्या आयाक्स क्लबात गेला. १९९५ मध्ये आयाक्स युरोपचा विजेता झाला, त्या अंतिम सामन्यात हा बदली खेळाडू म्हणून उतरला होता.

पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, अटलांटा ऑलिंपिक. कानू नायजेरियाचा कर्णधार. उपांत्य सामना ब्राझीलशी. नायजेरिया १-३ अशी मागे होती. एक गोल फिटला, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला कानूने बरोबरी साधली. जादा वेळेत जो पहिला गोल करील तो जिंकला, असा तेव्हा नियम होता. तो गोलही कानूनेच केला. दुसऱ्या दिवशी त्याला वीस वर्षे पूर्ण होणार होती. मग अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ३-२ असे हरवून ऑलिंपिक फुटबॉलचे सुवर्णपदक प्रथमच आफ्रिकेत गेले.

आता पुढचे नीट वाचा. त्याच उन्हाळ्यात इटलीतल्या इंटर मिलान क्लबने त्याला विकत घेतले. नवीन खेळाडू आला की त्याची वैद्यकीय तपासणी होते, तशी त्याचीही झाली. डॉक्टरांना त्याच्या हृदयाच्या महाधमनीच्या झडपेत दोष सापडला. ही झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. हृदयाने रक्त शरीरात ढकलले की ते मिटायचे. ते नीट मिटले नाही तर रक्त मागे येते, हृदयाला दुप्पट कष्ट पडतात, आणि धावणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणजे ज्या मुलाने काही आठवड्यांपूर्वी ब्राझीलला लोळवले, त्याच्या छातीत हे दार सदोष होते. हा पुन्हा खेळू शकेल का, इथपर्यंत शंका व्यक्त झाली.

नोव्हेंबर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. १९९७ च्या एप्रिलमध्ये तो परत क्लबात दाखल झाला. इंटरकडून फारसे खेळायला मिळाले नाही, पण क्लबने त्याला टाकलेही नाही. १९९९ च्या सुरुवातीला तो आर्सेनलमध्ये गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात चेल्सीच्या मैदानावर आर्सेनल दोन गोलांनी मागे असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याने एकट्याने तीन गोल केले. तिसरा तर जवळजवळ मैदानाच्या कडेवरून, जिथून गोल दिसतही नसेल अशा जागेवरून! नातू तो पुन्हा पुन्हा लावून दाखवतो. आर्सेनलबरोबर २००२ आणि २००४ ची लीग जिंकली. पुढे पोर्ट्समथसारख्या लहान क्लबाला २००८ चा एफ. ए. चषक मिळाला, तो अंतिम सामन्यातल्या कानूच्या एकमेव गोलामुळे. २०१० मध्ये तो आपला तिसरा विश्वचषक खेळला. शस्त्रक्रियेनंतर तब्बल पंधरा वर्षे क्लब फुटबॉल!

गोष्ट इथे संपली की ऐकणारा हमखास म्हणतो, “बघा, काय ही जिद्द!” आणि इथेच माझी तक्रार सुरू होते.

जिद्द होती, नाही कशाला म्हणू? पण ती झडप जिद्दीने सापडली नाही. ती तपासणीत सापडली. जिद्दीने दुरुस्तही झाली नाही. ती निष्णात शल्यविशारदाच्या हाताने आणि भरपूर पैशाने झाली. खाटेवर पडलेल्या विशीतल्या पोराला वाऱ्यावर न सोडणारा क्लब पाठीशी होता. जिद्दीचा क्रमांक या सगळ्यांच्या नंतर लागतो. उलट, नुसती जिद्दच असती आणि तपासणी नसती, तर जिद्दीने धावता धावताच तो कोसळला असता.

ही माझी कल्पनाशक्ती नव्हे. कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए हा कानूपेक्षा जेमतेम सव्वा वर्षाने मोठा. तोही आफ्रिकेतून युरोपात जाऊन नाव कमावलेला दणकट खेळाडू. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधल्या ल्यों शहरात कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात मैदानाच्या मधोमध तो खाली पडला आणि उठलाच नाही. वय २८. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार त्याला होता, हे शवविच्छेदनात कळले. मला सांगा, फोएपाशी जिद्द कमी होती का? कानूने मृत्यूवर ‘मात’ केली असे म्हणायचे, तर फोए ‘हरला’ असे म्हणावे लागेल. आहे का कुणाची तयारी?

इटलीत स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची हृदयतपासणी १९८२ पासून कायद्याने सक्तीची आहे. तिथल्या व्हेनेटो प्रांतातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूचे प्रमाण १९७९-८० मध्ये वर्षाला लाखात ३.६ होते, ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. सगळ्याच देशांतल्या तज्ज्ञांना अशी सक्ती पटत नाही, तिच्या खर्चावरून आणि उपयोगावरून वाद आहेत. पण त्या पंचवीस वर्षांत इटलीतली पोरे काही एकाएकी जास्त जिद्दी झाली नव्हती, एवढे तर खरे?

२०२१ च्या जूनमध्ये डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन कोपनहेगनला असाच मैदानात कोसळला, तो सामना मी घरी बसून पाहिला. हृदय थांबले होते. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, डॉक्टरांनी छाती दाबली, विजेचा धक्का देणारे यंत्र हाताशी होते, आणि गडी वाचला. आता छातीत एक छोटे यंत्र बसवलेले. ते घेऊन इटलीत खेळायला परवानगी नाही म्हणून त्याला इंटर सोडावे लागले (योगायोगाने तोच क्लब!), पण २०२२ मध्ये तो इंग्लंडात पुन्हा खेळू लागला. बेशुद्ध माणसाजवळ कसली आली जिद्द? शहाणपण आणि तयारी होती, ती भोवती उभ्या असलेल्यांकडे.

आणि हे आपल्यापासून दूरचेही नाही. गोव्याच्या डेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर डिसेंबर २००४ मध्ये बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोल करता करता गोलरक्षकावर आदळला आणि गेला. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवर त्या वेळी बरीच टीका झाली होती.

तुम्ही म्हणाल, बाई एका शब्दावरून एवढ्या का चिडल्या? तर त्याचे कारण सांगते. आमच्या जवळच्या नात्यातली एक जण काही वर्षांपूर्वी गेली. नाव लिहीत नाही, घरच्यांना कळेलच. दुखणे अंगावर काढले, कारण घरात करणारे दुसरे कोणी नव्हते, आणि तपासणी म्हणजे जिल्ह्याच्या गावी एक अख्खा दिवस. निदान झाले तेव्हा फार उशीर झाला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला सांगायचा, “मन खंबीर ठेव, निम्मा आजार मनाचाच असतो.” ती बिचारी हसून मान डोलवायची. आणि दहाव्याला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणाले, “तिने हाय खाल्ली हो, नाहीतर जगली असती.”

म्हणजे दुखणेही तिचे आणि मरणाचा दोषही तिचाच! जिद्दीच्या गोष्टींची ही दुसरी बाजू आहे. बरा झाला तो शूर, मग जो बरा झाला नाही तो कोण? आणि एकदा सगळा भार रोग्याच्या मनावर टाकला, की मग तपासणी का झाली नाही, घरातले काम कुणी वाटून का घेतले नाही, हे प्रश्न विचारायची कुणालाच गरज उरत नाही.

स्वतः कानूला हे आपल्यापेक्षा नेमके कळले असावे असे मला वाटते. कारण त्याने काय केले? २००० मध्ये त्याने हृदयविकार असलेल्या आफ्रिकन मुलांसाठी संस्था काढली. त्या मुलांना त्याने जिद्दीवर व्याख्याने दिली नाहीत, शस्त्रक्रियेचा खर्च उचलला. इंग्लंड, इस्रायल आणि आपल्या भारतातही त्या मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्याची स्वतःची गोष्टही १९९६ मध्येच मिटली नाही. २०१४ मध्ये त्याला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा अमेरिकेला जावे लागले. तिथे ‘मात केली’ म्हणून पूर्णविराम देता येत नाही.

माझ्या नोकरीच्या काळात शाळेतली आरोग्य तपासणी म्हणजे वजन, उंची, दात आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरे. कवायतीला लवकर दमणारे पोर म्हणजे कामचुकार, अशी सर्रास समजूत. आता फरक पडला आहे. २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासायची, त्यात जन्मजात हृदयदोषही पाहायचा आणि दोष आढळला तर पुढच्या उपचाराची सोय लावायची, अशी ती योजना. मला हे कानूच्या त्या तीन गोलांपेक्षा मोठे वाटते. (नातवाला सांगू नका!) आपल्या गावच्या शाळेत ती तपासणी खरेच होते का, नीट होते का, हे विचारायला मात्र आपण गेले पाहिजे.

असो. लांबण लागले. माझे म्हणणे इतकेच, की आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा खंबीर राहायचा उपदेश जरा बाजूला ठेवा. “तपासणीला कधी जायचे आहे? मी येते बरोबर,” असे म्हणा. किंवा डबा घेऊन जा. तुम्हाला यातले पटत नसेल तर तेही जरूर कळवा, वाद घालायला मला अजून आवडते.