चौकशी त्यांची, झोप आपली

घटस्फोटाच्या कागदावर सही झाली की सगळे धागे तुटले असं आपण धरून चालतो. पण मूल दोघांचं असतं, पोटगी दर महिन्याला यायची असते, कुठल्याशा बँकेत दोघांच्या नावाचं जुनं खातं पडून असतं, आणि गावाच्या तोंडी आपण अजून 'अमक्यांची बायको'च असतो. म्हणूनच घटस्फोटित नवऱ्यामागे पोलिसांची चौकशी लागली की झोप आपली उडते.

एका भगिनीचं असंच पत्र आलं आहे. घटस्फोटाला चार वर्षं झाली. पूर्वीचे यजमान पतसंस्थेत शाखाधिकारी. तिथे खोट्या कर्जांचा घोटाळा निघाला, गुन्हा नोंदला गेला, त्यालाही आता चौदा महिने झाले. अटक नाही, सुटका नाही, काहीच नाही. मुलगी नववीत. बाई लिहितात, "रोज सकाळी वाटतं, आज काहीतरी कळेल. मला त्यांची दया येते, राग येतो, आणि कधीकधी बरं झालं असंही वाटतं. मग स्वतःचीच लाज वाटते." लाज कशाला वाटून घ्यायची? दहा-बारा वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाबद्दल तिन्ही गोष्टी एकाच दिवशी वाटू शकतात. प्रश्न मनात काय येतं याचा नसून त्या 'आज कळेल'चा आहे. त्याच्यापायी बाईंनी घर बदलणं, मुलीचा क्लास, स्वतःची नोकरी, सगळं चौदा महिने थांबवून ठेवलं आहे.

तेव्हा आधी हे समजून घेऊ, की इतका वेळ का लागतो. 'नव्वद दिवसांत केस निकालात निघते' असं कुणीतरी ठोकून देतं आणि आपण कॅलेंडरवर खुणा करत बसतो. ती साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत आरोपी अटकेत असतो तेव्हाची. तेवढ्यात आरोपपत्र आलं नाही, तर त्याला जामीन मागायचा हक्क मिळतो. तपास पुढे चालूच राहतो. अटकच झाली नसेल, तर ही मुदत लागूच होत नाही. पतसंस्थेच्या प्रकरणात शेकडो कर्जखाती तपासायची असतात, सह्या हस्ताक्षरतज्ज्ञांकडे पाठवायच्या असतात, लेखापरीक्षकाचे अहवाल यायचे असतात. आरोपपत्र गेल्यावरही पुढचा तपास होऊ शकतो, आणि खटला तर त्यानंतरचा. म्हणजे हा हिशेब महिन्यांचा नाही, वर्षांचा आहे. ऐकायला कठोर वाटेल, पण एकदा हे मनानं घेतलं की रोज सकाळी फोनकडे बघणं कमी होतं.

तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं असतं. आपण फिर्यादी नाही, आरोपीही नाही, त्यामुळे आपल्याला कुणी कळवणार नाही. मात्र एक करता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशाप्रमाणे संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवायचे असतात. तो एकदा नीट वाचावा. आरोप नेमका काय आणि कुठल्या सालातला, आपलं नाव कुठे आहे का, एवढं बघावं आणि मिटवून ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बातम्यांपेक्षा तो बरा.

पोलीस आपल्याकडे विचारपूस करायला आले तर? घाबरून जाऊ नका आणि अरेरावीही करू नका. साक्षीदार म्हणून बाईला चौकशीसाठी ती राहते त्या जागेखेरीज दुसरीकडे येण्याची सक्ती करता येत नाही. जुन्या कायद्यात हे होतं आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. लेखी नोटीस मागा, येणाऱ्याचं नाव, हुद्दा, ठाणं लिहून घ्या, घरात कुणीतरी वडीलधारं बसवा. माहीत असेल ते सांगा, नसेल तिथे 'माहीत नाही' म्हणा. अंदाज सांगू नका. तपासात लिहून घेतलेल्या अशा जबाबावर सही घ्यायची नसते, हेही लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट फार जणींना ठाऊक नसते. लग्न टिकून असताना नवऱ्यानं आपल्याला जे सांगितलं, ते कोर्टात उघड करायला बाईला भाग पाडता येत नाही. घटस्फोटानंतरही हे संरक्षण राहतं. पतीपत्नींचा एकमेकांविरुद्धच खटला असला, तर गोष्ट वेगळी.

आता पैशाचं, कारण खरी धग तिथेच लागते. दोघांच्या नावाचं खातं असेल तर ते गोठवलं जाऊ शकतं. आपला पगार, मुलीची शिष्यवृत्ती त्यात जमा होत असेल तर आजच स्वतंत्र खातं काढा. ठेवीदारांच्या पैशांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, त्याखाली मालमत्तेवर टाच येते. घर घटस्फोटाच्या तडजोडीत आपल्याला मिळालं असेल तर हुकूमनामा, नोंदणीचे कागद, कर्जाच्या हप्त्यांच्या पावत्या एका पिशवीत हाताशी असू द्या. नोकरीतून निलंबन झालं की माणसाला पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो, म्हणून पोटगी रखडते. 'सध्या त्यांच्यावर वेळ आलीय' म्हणून आपण गप्प बसतो. बसू नये. पोटगीच्या कलमाखाली आदेश झाला असेल, तर थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो.

आणि ते स्वतः दारात आले, 'एवढी कागदांची बॅग ठेव', 'थोडी रक्कम तुझ्या खात्यात राहू दे', 'मला जामीन राहा' म्हणाले, तर? माझं मत सांगते, कुणाला कोरडं वाटलं तर वाटो. दारातच नाही म्हणा. जुने मेसेज, कागद मात्र पुसू वा फाडू नका. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो आपल्या नावावर चढेल. तुमचं बोलणं पोटगी आणि मुलीच्या भेटीचे वार एवढंच असावं.

भेटीचे वार चौकशीमुळे आपोआप रद्द होत नाहीत. ते कोर्टानं ठरवलेले असतील तर बदलायचे तेही कोर्टानंच. मुलीला खरं किती सांगायचं? मी अर्धवेळ शाळेत शिकवते, त्यामुळे एवढं खात्रीनं सांगते, की वर्गात बातमी तुमच्या आधी पोचलेली असते. तेव्हा तिला घरातच कळू द्या: "बाबांच्या पतसंस्थेतल्या कामाची पोलीस चौकशी करताहेत. पुष्कळ दिवस चालेल. बाबांनी काय केलं, काय नाही, हे अजून ठरलेलं नाही. तुझी शाळा, आपलं घर जसं आहे तसंच राहणार." तिच्या वर्गशिक्षिकेलाही दोन शब्द सांगून ठेवा. आणि क्लासची फी येत्या आठवड्यात भरून टाका, आरोपपत्राची वाट न बघता.

शेजारणी विचारतातच. "मला काही माहीत नाही हो" हे पहिल्यांदा म्हणताना जड जातं, पाचव्यांदा सहज येतं.

राहिल्या सासूबाई. पत्रात त्यांच्याबद्दल चारच ओळी आहेत, पण शाई तिथे फुटली आहे. त्या एकट्या असतात, रोज फोन करून रडतात, आणि आता त्यांच्याकडे जावं की नाही असं बाईंनी विचारलंय. जरूर जावं. नातीला घेऊन जावं, डब्यात त्यांना चावेल अशी मऊ खिचडी न्यावी, औषधं संपली आहेत का बघावं. प्रकरणाचा विषय निघाला तर, "आई, त्यातलं मला खरंच काही ठाऊक नाही," म्हणावं आणि चहाचं आधण ठेवायला उठावं.