विश्लेषण : बुलेट ट्रेनचे जपानी कर्ज स्वस्त, पण खरी किंमत कोणती? गोव्याच्या रेल्वेचा इतिहास काय सांगतो?

नवी मुंबईतील पावणे औद्योगिक वसाहतीपासून जवळच, घणसोली-शिळफाटा पट्ट्यात मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बोगदा आकार घेत आहे. या प्रकल्पाचा बहुतांश पैसा जपानचा आहे. एका देशाच्या रेल्वेसाठी दुसऱ्याने पैसा पुरवणे आणि त्यामागे राजकारण असणे, हे साम्राज्यांच्या काळापासून चालत आले आहे. त्या काळातील एक बोलके उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तेव्हाचे आणि आताचे सौदे कुठे सारखे आहेत आणि कुठे वेगळे?

घणसोलीखाली काय सुरू आहे?

वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा सुमारे २१ किलोमीटरचा हा बोगदा आहे. त्यातील सुमारे ७ किलोमीटर भाग ठाणे खाडीखालून जातो. घणसोली ते शिळफाटा हा जवळपास ४.९ किलोमीटरचा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. उरलेला सुमारे १६ किलोमीटरचा भाग बोगदा खोदणाऱ्या महाकाय यंत्रांनी करायचा आहे. महाराष्ट्रात भूसंपादन रखडल्याने इथले काम गुजरातच्या मागे पडले. २०२२ नंतर त्याला वेग आला.

जपानच्या कर्जाच्या अटी काय?

डिसेंबर २०१५ मध्ये भारत आणि जपान यांच्यात सहकार्य करार झाला. प्रकल्पाचा मूळ अंदाज सुमारे १.०८ लाख कोटी रुपयांचा होता. त्यापैकी सुमारे ८१ टक्के रक्कम जपानची ‘जायका’ ही संस्था कर्जाऊ देणार असे ठरले. व्याजदर ०.१ टक्के, परतफेडीची मुदत ५० वर्षे आणि पहिली १५ वर्षे सवलतीची. भागभांडवलात केंद्राचा वाटा १० हजार कोटींचा, तर महाराष्ट्र आणि गुजरात यांचा प्रत्येकी ५ हजार कोटींचा आहे. त्याच वेळी या मार्गासाठी जपानचे ‘शिंकान्सेन’ तंत्रज्ञान स्वीकारण्यावर शिक्कामोर्तब झाले. कर्ज आणि तंत्रज्ञान एकाच पुडीत बांधून आले.

जपान इतका उदार का झाला?

याचे उत्तर इंडोनेशियात आहे. जकार्ता-बांडुंग या १४२ किलोमीटरच्या वेगवान रेल्वेसाठी जपान आणि चीन यांच्यात चुरस होती. सप्टेंबर २०१५ मध्ये बाजी चीनने मारली. इंडोनेशिया सरकारची हमी न मागता कर्ज देण्याची तयारी हा चीनचा हुकमी पत्ता ठरला. त्यानंतर तीनच महिन्यांत जपानने भारताशी करार केला. आशियात आपले रेल्वे तंत्रज्ञान टिकवणे आणि चीनला पर्याय म्हणून उभे राहणे, हे दोन्ही हेतू त्यात होते.

जकार्ताची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. मात्र खर्च सुमारे १.२ अब्ज डॉलरने वाढला. मुळात सरकारी पैसा लागणार नाही असे सांगितले गेले होते. तरीही २०२१ मध्ये नियम बदलून सरकारी तिजोरीचे दार उघडावे लागले. कागदावर हमी नसली, तरी अर्धवट रेल्वे सोडून देणे कोणत्याच सरकारला परवडत नाही.

अशी चढाओढ पूर्वीही होती का?

होती, आणि अधिक उघडपणे होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली ‘जीआयपी’ रेल्वे लंडनच्या भांडवलावर उभी राहिली. या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ मध्ये दिली होती. उत्पन्न कमी पडले तर फरक भारताच्या महसुलातून भरला जाई. त्यामुळे खर्च आटोक्यात ठेवण्याची निकड कंपनीला नव्हती. इंजिने आणि रूळही ब्रिटनमधूनच येत.

ऑटोमन साम्राज्यातील बगदाद रेल्वेचा करार १९०३ मध्ये जर्मन भांडवलाच्या पाठबळावर झाला. त्यात दर किलोमीटरमागे उत्पन्नाची हमी ऑटोमन सरकारने दिली होती. जर्मनी इराणच्या आखातापर्यंत आणि पर्यायाने भारताच्या वाटेवर पोहोचेल, या धास्तीने ब्रिटनने पैसा घालायला नकार दिला. अखेर १९१४ च्या जूनमध्ये दोघांत तडजोडीचा मसुदा ठरला. पण लगेच महायुद्ध पेटले आणि तो बारगळला.

गोव्यात नेमके काय घडले?

मुरगाव बंदर ब्रिटिश हद्दीतील रेल्वेला जोडायचे, तर पोर्तुगालकडे पुरेसा पैसा नव्हता. डिसेंबर १८७८ मध्ये लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. रेल्वेची वाट मोकळी झाली, पण त्याचबरोबर ब्रिटिश भारत आणि पोर्तुगीज भारत यांची जकात व्यवस्था एकत्र आली. गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. त्याबदल्यात पोर्तुगीज प्रशासनाला दरवर्षी ४ लाख रुपये मिळू लागले. मिठागरे आणि अबकारी यांवर पोट असलेल्या गोवेकरांना याची झळ बसली.

लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीने मार्ग बांधला. तिच्या भांडवलावर व्याजाची हमी पोर्तुगालची होती. मुरगाव ते कॅसलरॉक हा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. पण घाटापलीकडची सगळी वाहतूक ब्रिटिश हद्दीतील रेल्वेच्या हाती होती आणि अपेक्षेइतका माल मुरगावकडे वळला नाही. १८९२ मध्ये करार संपला, चार लाखांची रक्कम बंद झाली. व्याजाची हमी मात्र पोर्तुगालच्या गळ्यात राहिली. १९०२ मध्ये मार्गाचे संचालनही सदर्न मराठा रेल्वेकडे गेले. जमीन पोर्तुगालची, हमी पोर्तुगालची आणि चाव्या दुसऱ्याच्या हाती, अशी ही अवस्था होती.

बुलेट ट्रेनचे कर्जही तसेच आहे का?

नाही. मार्गाची मालकी भारतीय कंपनीकडे आहे, जकात किंवा महसुलावर जपानचा हक्क नाही आणि व्याज नाममात्र आहे. शिवाय सार्वभौम देश सौदा पुन्हा मांडू शकतो. जपानी गाड्यांची किंमत आणि वेळ यांवर बोलणी लांबल्यावर भारताने २०२४ मध्ये ‘बीईएमएल’ला दोन वेगवान गाड्या बनवण्याचे काम दिले. सिग्नल यंत्रणेसाठी युरोपीय पद्धत निवडली. जपानच्या नव्या ‘ई-१०’ गाड्या पुढील दशकाच्या सुरुवातीला येतील, असे ठरले आहे.

दोन जोखमी मात्र जुन्याच आहेत. कर्ज येनमध्ये आहे, त्यामुळे ५० वर्षांत येनच्या तुलनेत रुपया घसरला तर मुद्दल फुगेल. आणि प्रवासी कमी मिळाले, तरी हप्ते सरकारलाच फेडावे लागतील.

नवी मुंबईकरांनी काय पाहावे?

पावणे परिसरातील कामगार रोज ज्या ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर मार्गाने येतात, त्याचा खर्च सिडको आणि रेल्वे यांनी ६७:३३ अशा प्रमाणात उचलला. तिथे सिडकोचा पैसा मुख्यतः भूखंडांच्या विक्रीतून आला आणि परकीय चलनाची टांगती तलवार नव्हती. बुलेट ट्रेनचा आवाका त्याहून कितीतरी मोठा असल्याने कर्ज अपरिहार्य होते. म्हणूनच ०.१ टक्का हा आकडा पुरेसा नाही. वाढीव खर्च कोण भरणार, तिकीट किती असेल आणि देखभालीचे तंत्रज्ञान भारताच्या हाती केव्हा येईल, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर या कर्जाची खरी किंमत ठरेल. गोव्याला ती रेल्वे धावू लागल्यानंतर कळली होती.