मावशींचा पगार कुणाच्या पगारातून?

प्रसूती रजेचे शेवटचे दिवस आले की नोकरदार घरांत एक वजाबाकी मांडली जाते. दिवसभर बाळ सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, एजन्सीचे कमिशन, चहा-जेवण; आणि वर बाळाच्या आईचा पगार. उरते ते थोडेच. मग घरातले कुणीतरी म्हणते, ‘एवढ्यासाठी नोकरी कशाला करायची?’

चूक या हिशेबाच्या पहिल्याच ओळीत आहे. समजा, आई ३५ हजार आणि बाबा ४५ हजार रुपये कमावतात आणि मावशींना १५ हजार द्यायचे आहेत. आईच्या पगारातून पाहिले तर हा खर्च जवळपास ४३ टक्के होतो. दोघांच्या मिळून ८० हजारांतून १९ टक्क्यांहूनही कमी. मूल दोघांचे, तर खर्च एकटीच्या नावावर का? शिवाय हा खर्च काही वर्षांचा असतो. नोकरी सोडल्याने हुकणारी पगारवाढ, थांबलेला भविष्य निर्वाह निधी आणि अनुभवात पडलेला खंड यांची भरपाई करताना मात्र अनेक वर्षे जातात.

पण ‘परवडणे’ म्हणजे सर्वांत स्वस्त बाई शोधणे नव्हे. पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या तयार होतात, असे हार्वर्ड विद्यापीठाचे बालविकास केंद्र सांगते. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. बाळाने हुंकार दिला की ओ देणारे, रडले की उचलून घेणारे ओळखीचे माणूस लागते. तुटपुंज्या पगारावर, सुट्टीविना राबणारी बाई फार दिवस टिकत नाही. नवी येते, बाळाची ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. थकलेल्या हातांना मोबाइल लावून देणे सोपे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१९ मध्येच एक वर्षाखालील बाळांना स्क्रीन अजिबात नको असे सांगितले आहे. ठरलेले तास, आठवड्याची सुट्टी, वेळेवर पगार आणि कामावर ठेवताना आरोग्य तपासणी ही म्हणूनच मेहेरबानी नाही, बाळाच्या तब्येतीची तरतूद आहे. मावशींचेही एखादे लेकरू त्या वेळी शेजारणीकडे असते, हेही विसरू नये.

ज्या घरात दोघांचे मिळून २५-३० हजार येतात, तिथे मात्र ही बेरीज कशीही मांडली तरी जुळत नाही. दोन कुटुंबांनी मिळून एक मावशी ठेवणे किंवा चांगले पाळणाघर हा तिथला मार्ग. २०१७ च्या कायदादुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. आपल्या कार्यालयात ते आहे का, हे आईइतकेच बाबांनीही विचारायला हवे. छोट्या दुकानांत, घरकामात वा बांधकामावर राबणाऱ्या आयांना या तरतुदीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवायची आहेत. ती वस्तीवस्तीत सुरू झाली, तर बाळ सांभाळणाऱ्या मावशींचे बाळही कुणीतरी नीट सांभाळेल.